मॅगझिन कमिटीतल्या सर-मॅडमना: माझा लेप्टोचा लेख परत एकदा वाचाल का?

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

पत्र खुलं लिहितेय, कारण पाकिटात घालून एकदा दिलं होतं आणि ते ऑफिसातल्या ट्रेमध्ये अजून तसंच पडलंय, मागच्या आठवड्यात बघितलं मी. रागावू नका, भांडायला आले नाहीये. बरं, थोडीशी आलेय.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या मेडिकल कॉलेजच्या मॅगझिनच्या या वर्षीच्या अंकासाठी मी 'लावणीतला ताप' नावाचा एक लेख दिला होता, लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसवर, चार पानं, मराठीत. मराठीत म्हणजे आम्ही घरी बोलतो तसल्या मराठीत. तो परत आला. वर पेन्सिलने लिहिलेलं, 'भाषा शास्त्रीय लेखाला शोभत नाही, इंग्रजीत लिहून द्यावा'. आणि तोंडी निरोप असा मिळाला की मराठी सेक्शनला कविता द्या, ललित द्या, काही हरकत नाही. म्हणजे पावसावर कविता चालेल पण पावसात येणाऱ्या तापावर लेख चालणार नाही. हे वाक्य रागात लिहिलंय, पण खोडत नाही.

तो लेख कोणासाठी होता ते आधी सांगते. आमच्या दहावीच्या वर्गात अठ्ठावीस जण होतो. मेडिकलला मी एकटी. दोघं ट्रॉलरवर खलाशी आहेत, एक चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, ट्रॅक्टर चालवतो, तिघींची लग्नं झाली, एक जण आंब्याच्या सीझनला कलमांची राखण करतो आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम, बाकीचे मुंबईला. सगळे माझ्याच वयाचे, वीस-एकवीसचे. आणि मी फर्स्ट इयरला गेले त्या दिवसापासून ह्या सगळ्यांची डॉक्टर मीच. मी तेव्हा मनगटातल्या हाडांची नावं पाठ करत होते आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी आजीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट यायचा, फोटो वाकडा, अर्धा अंगठ्याखाली, आणि खाली एकच शब्द, 'बघ'. नाही म्हणता येत नाही, कारण ह्याच पोरांनी माझी सायकल दुरुस्त केलीय. तेव्हा विद्यार्थ्यांनी लिहावं की नाही हा प्रश्न माझ्यासाठी कधीच निकालात निघालाय, आम्ही रोज लिहितोच, फक्त ते मोबाइलवर, घाईत आणि कोणी न तपासलेलं.

आता लेप्टोचं बघा. मायक्रोच्या, म्हणजे मायक्रोबायोलॉजीच्या, पुस्तकात त्या जंतूचं चित्र आहे, बारीक स्प्रिंगसारखा आणि टोकाला हुक, प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून नावातच इंटेरोगन्स. उंदराच्या किडनीत तो मजेत राहतो, लघवीतून बाहेर पडतो, साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत तग धरतो आणि माणसाच्या कातडीला कुठे फट मिळाली की आत शिरतो. पुस्तकात लिहिलंय 'ॲब्रेडेड स्किन'. ठीक आहे, परीक्षेत मीही तेच लिहिलं. पण आमच्याकडे लावणीत दिवस दिवस पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात ज्या चिखल्या होतात ना, पांढरट, भेगाळलेल्या, रात्री खोबरेल चोळून झोपतात लोक, तीच ती फट. हे मला थेट कुठल्या लेक्चरमध्ये नाही कळलं, काकीच्या पायांकडे बघून कळलं. मी तिला माझ्या नोट्समधलं धडाधड सांगत होते आणि ती तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी बांधता बांधता म्हणाली, "तुझां इंग्रजी ऱ्हवांदे गो, माका इतक्याच सांग, कुणग्यात उतरू काय नको?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, उतरू नको म्हणणं म्हणजे भात लावू नको म्हणणं.

मग मी लिहायला बसले. आणि लिहिताना पहिल्याच पानावर अडकले, कारण पुस्तकात लक्षण काय, तर ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं. अहो, लावणीत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत? सकाळी सातपासून वाकून उभा असलेला माणूस पोटरी दुखते म्हणून डॉक्टरकडे जाणारे का? तेव्हा मला दोन्ही दुखण्यांतला फरक शोधायला लागला आणि मेडिसिनच्या सरांना तीनदा जाऊन त्रास दिला (सर, थँक्यू). शेवटी जे लिहिलं ते असं होतं: कामाने दुखणारी पोटरी तेल लावलं, रात्रभर झोपलं की सकाळी जरा हलकी होते आणि त्यात ताप नसतो, पण थंडी वाजून ताप आला, डोकं फुटेल असं ठणकतंय, पोटरीला नुसता हात लावला तरी कळ येतेय आणि डोळे लालबुंद झालेत पण चिपडं येत नाहीत, तर ते डोळे आलेले नाहीत आणि ती लावणीची दमणूकही नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जा. सगळ्यांना हे सगळं होईलच असं नाही, म्हणून चिखलात काम करून आलेला कुठलाही ताप अंगावर काढू नका. लघवी कमी झाली किंवा अंग पिवळं पडलं तर एक तासही थांबू नका, कारण आपल्याकडे पिवळं म्हटलं की माणूस आधी काविळीच्या झाडपाल्याला जातो आणि किडनी वाचवायचे जे दोन दिवस असतात ते तिथेच जातात. वेळेवर गेलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा आजार आहे हा.

ह्यात शास्त्राला न शोभणारं काय आहे? 'चिपडं' हा शब्द? मला तर वाटतं त्या अख्ख्या लेखातला सगळ्यात शास्त्रीय शब्द तोच आहे. परिभाषेच्या पुस्तकांत किडनीला 'वृक्क' म्हणतात, आमच्या वाडीत वृक्क म्हटलं तर लोक विचारतील कोणाचा कुत्रा भुंकला.

आणि एक गोष्ट पुस्तकात सापडेल पण ओळींच्या मध्ये. चिखलाशी संबंध आल्यापासून ताप यायला बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवस लागतात. आमच्याकडे चाकरमानी लावणीला चार दिवस सुट्टी टाकून येतात, गुडघाभर चिखलात राबतात आणि तुतारी एक्स्प्रेसने नाहीतर एसटीने परत जातात. ताप चढतो तो डोंबिवलीत. तिथला डॉक्टर डेंग्यू बघणार, मलेरिया बघणार, चूक नाही त्याची, समोरचा माणूस शर्ट-पँटमध्ये ऑफिसमधून आलाय, त्याला कसं कळणार की हा दहा दिवसांपूर्वी पॉवर टिलरमागे होता. म्हणून लेखात मी ठळक करून लिहिलं होतं, मुंबईला ताप आला तरी डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की मी लावणीला गावाला जाऊन आलो. हे वाक्य इंग्रजीत लिहून आपल्या अंकात छापलं तर वाचणार कोण? आपणच. आपल्याला ते माहितीये.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या बाजूची आहे आणि लपवली तर हे पत्र खोटं होईल.

सेकंड इयरला फार्माकॉलॉजीत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक शिकवून झालं तेव्हा मला एकदम शिंगं फुटली. जोखीम जास्त असेल तिथे लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा डॉक्सी देतात हे वाचलं आणि मी डोससकट एक मोठा मेसेज टाइप करून वाडीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडलेले, नमस्काराचे इमोजी टाकले, तीन ग्रुपवर फॉरवर्ड झाला, मी खूश. चौथ्या दिवशी आईचा फोन. पलीकडच्या वाडीतल्या आमच्या वहिनीने मेसेज वाचून मेडिकलमधून गोळ्या आणवल्या होत्या, तिला चौथा महिना चालू होता. गरोदरपणात डॉक्सी टाळतात, बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणाम होऊ शकतो, हे मला माहिती होतं, त्याच धड्यात पुढच्याच पानावर होतं, मी लिहिलंच नव्हतं. नशीब त्याच दिवशी घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई तिच्याकडे गेल्या होत्या आणि त्यांनी पाकीट बघून हातातून काढून घेतलं. शिवाय ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते, हेही मी लिहिलं नव्हतं, आणि दिवसभर दमलेला माणूस गोळी कधी घेणार तर झोपायच्या आधी, घोटभर पाण्याने.

आशाताई मला काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हा तुम्ही म्हणाल, बघ, म्हणूनच आम्ही नको म्हणतो, अर्धवट शिकलेल्या पोरांनी लिहायचं नसतं. सर, मी उलटं म्हणते. तो मेसेज आधी तुमच्यापैकी कोणी एकाने वाचला असता तर तुम्ही दोन मिनिटांत लाल पेनाने तिथे गोल काढला असता. चार पानांचा लेख मी तुमच्याकडे घेऊन आले ते त्यासाठीच. आणि तुम्ही भाषा तपासलीत. आतला मजकूर तपासल्याची एकही खूण त्या चार पानांवर नाही, मी उजेडात धरून बघितलं.

दुसरं उदाहरण घ्या, छोटं आहे. फॅमिली अडॉप्शनला आम्हाला गावात पाच-पाच घरं वाटून दिलीत. माझ्या तिसऱ्या घरात बारावी आर्ट्सची एक मुलगी आहे, मी तिचं वजन, उंची, डोळ्यांची आतली बाजू, नखं सगळं बघून इंग्रजीत लॉगबुक भरत होते. फिकी होती. शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळायची ती खाल्लीस का विचारलं तर आधी हो म्हणाली, मग आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, नाही ताई, आम्ही सगळ्या शाळेमागच्या जास्वंदीखाली टाकायचो. का? तर मळमळायचं आणि शी काळी व्हायची, एकीला वाटलं आपल्याला आतून काहीतरी झालंय, आणि तिने बाकीच्यांना सांगितलं. बस, अख्खा वर्ग गोळ्या टाकायला लागला. काळी होते कारण न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, जेवल्यावर घेतली की मळमळ कमी होते, वर लगेच चहा प्यायचा नाही कारण चहा लोह शोषू देत नाही, त्यापेक्षा लिंबू पीळ किंवा आवळा खा. एवढंच. पाच वाक्यं. ती मला म्हणाली, "हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलंच नाही, सर सांगायला लाजायचे." सरांना कसं सांगता येणार, वर्गात पोरं बसलेली. माझ्याएवढ्या मुलीने लिहून दिलेला एक कागद असता तर तो बेंचखालून अख्ख्या वर्गात फिरला असता. (जास्वंद म्हणे जोरात फुलते, त्यावर मी काही क्लेम करत नाही.)

आणि कॅज्युअल्टी. माझं पोस्टिंग होतं त्या हॉस्पिटलचं नाव नको. संध्याकाळी चिरेखाणीवरचा एक पोरगा आणला, फुरसं चावलेलं, सोबत पाच-सहा जण, एक माझ्या दहावीतलाच. इंटर्नने रक्त काढलं, दोन मिली, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत, आणि नळी स्टँडला लावून घड्याळ बघत उभा राहिला. वीस मिनिटं. ती नळी हलवायची नाही, प्लास्टिकची चालत नाही, काचच लागते, कारण काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते. वीस मिनिटांनी एकदा तिरकी करायची, गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं ओघळलं तर विषाने रक्ताची गोठायची ताकद खाल्लीय आणि सापाच्या विषावरची लस चालू. साधी, स्वस्त, भारी टेस्ट आहे, मला ती बघताना अंगावर काटा येतो. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसांना काय दिसतंय? आपला पोरगा सुजत चाललाय आणि डॉक्टर बाटलीकडे बघत बसलाय. नववा-दहावा मिनिट असेल, माझा वर्गमित्र आत घुसला, "रक्त काढून नुसते बघत बसलेत! इंजेक्शन कधी देतले?" कॉलरपर्यंत हात गेला होता. मी मध्ये पडले, त्याला बाहेर बाकड्यावर नेलं आणि मोबाइलवर काचेच्या नळीचं चित्र काढून दाखवलं, बोटाने, वेडंवाकडं. तो शांत झाला. एवढंच नाही, पुढची दहा मिनिटं तो दारात उभा राहून बाकीच्यांना समजावत होता, गप ऱ्हवा, वीस मिनिटां लागतत. मग नळी तिरकी केली तर रक्त ओघळलं, लस चालू झाली, पोरगा चार दिवसांनी घरी गेला.

ते बोटाने काढलेलं चित्र मी डिलीट नाही केलंय. तसलं एक चित्र चिरेखाणीवरच्या चहाच्या टपरीत लावलेलं असतं तर? आणि खाली दोन ओळी, दोरी करकचून आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, चावलेला पाय हलवू न देता गाडीत घाला, सरकारी दवाखान्यात लस मिळते.

असं लिहिणं हलकं नसतं हो. आपल्याच किनाऱ्यावरचे डॉ. हिंमतराव बावस्कर, महाडचे. लाल विंचू चावल्यावर माणूस नुसत्या वेदनेने नाही जात, विषामुळे शरीरातच ॲड्रिनलिनचा पूर येतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, मग फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी पेशंटजवळ रात्र रात्र बसून टिपलं आणि १९८२ ला ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं, नंतर प्राझोसिन या औषधाने माणसं वाचायला लागली, २०२२ ला पद्मश्री मिळाली. लॅन्सेटला इंग्रजीच पाहिजे, मान्य, एकशे एक टक्के मान्य. पण 'विंचू चावला, घाम फुटलाय, हात गार पडलेत, कांदा चोळत बसू नका' हे वाक्य लॅन्सेट माझ्या वाडीत आणून देणार नाही, ते आपल्यालाच नेऊन द्यायला लागणार.

कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं होतं की असं मिक्स बरं दिसेल का, अर्धा अंक इंग्रजी, अर्धा मराठी. मॅडम, पोंभुर्ले देवगड तालुक्यातच आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण काढलं तेव्हा ते विशीच्या आसपास होते, म्हणजे आमच्याएवढे, आणि त्या पेपरात एका पानावर दोन कॉलम असायचे, एक इंग्रजी, एक मराठी. पुढे १८४० ला दिग्दर्शन मासिक काढून शास्त्राचे विषय मराठीत दिले. म्हणजे आपल्या लेआउटची चिंता पोंभुर्ल्याच्या माणसाने कधीच मिटवलीय. आणि हो, मी एमबीबीएस मराठीत करा म्हणत नाहीये, मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ ला हिंदी पुस्तकं आली त्यावर बोलायला मी कोण. आम्ही इंग्रजीतच शिकू. शिकलेलं बाहेर कुठल्या भाषेत सांडायचं एवढाच विषय आहे.

तर मागणी. अंकात आठ पानं द्या, नाही जमलं तर चार. लेख आम्ही लिहू, आपल्याच वयाच्या पण मेडिकलला नसलेल्या पोरांसाठी. प्रत्येक लेख त्या विषयाच्या एका सरांनी किंवा मॅडमनी सही करून तपासायचा, आणि तुमच्या सहीनंतर तो गावातल्या एखाद्या बारावी नाहीतर आयटीआयवाल्याला वाचायला द्यायचा, त्याला जिथे कळलं नाही तिथे तो गोल काढेल आणि आम्ही परत लिहू, म्हणजे दोन लाल पेनं. डोस छापायचा नाही, माझ्या वहिनीमुळे हा नियम मीच घालतेय. पेशंट ओळखू येईल अशी गोष्ट सांगायची नाही. आणि छापून झालं की त्या पानांच्या झेरॉक्स एसटी स्टँडवर, जेटीवर, चिरेखाणीच्या टपरीत लावायला आम्ही जाऊ, गोंद आमचा. विषय आत्ताच पोरांनी दिलेत: ट्रॉलरवरच्यांना पाकट माशाचा विषारी काटा लागला तर काय करायचं ते पाहिजे (सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, मग दवाखाना, हे मी सांगितलं तर विश्वासच बसेना), कलमवाल्याला आंब्याचा चीक उडून तोंड का भाजतं ते पाहिजे, आणि दोडामार्गची माझी रूममेट माकडतापावर, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या तापावर, लिहायला बसलीसुद्धा, तिच्याकडे काजूच्या बागेत गोचीड हा रोजचा विषय आहे.

'लावणीतला ताप' परत लिहिलाय. डॉक्सीचा परिच्छेद बदललाय, आता तिथे फक्त एवढंच आहे की गोळी डॉक्टरला किंवा आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यायची आणि गरोदर असाल तर ते आधी सांगायचं. 'चिपडं' तसंच ठेवलंय. फाइल निळी आहे, स्टाफरूमच्या टेबलावर ठेवते, ट्रेमध्ये नाही ठेवत. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, ७ जूनच्या आसपास लागेल आणि त्यानंतर काही आठवड्यांत लोक तरवा काढायला लागतील, तेवढं बघा.

तुमची,
थर्ड इयरची एक विद्यार्थिनी

ता. क. नवीन लेख काकीला वाचून दाखवला. सगळं कळलं म्हणाली. मग विचारलं, गुरांनाही हा होतो काय? मी म्हटलं, होतो, त्यांच्याही लघवीतून पसरतो. तर म्हणाली, मग मी रोज अनवाणी गोठा धुते त्याचं काय? हातमोजे आणि गमबूट घाल म्हणून सांगितलं तर हसली, शेणात गमबूट घसरतो म्हणे आणि ते खरंय, मी घालून बघितला, आपटले. पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या) मॅडम, ह्याला दुसरं काय सांगता येईल? लेखात ती जागा रिकामी सोडलीय.